आल्या पावली परत

बिलावर ११८ रुपये लिहिलेत, अठरा टक्के जीएसटीसकट. मूळ किंमत किती, असं विचारलं तर पुष्कळ जण ११८ चे अठरा टक्के काढतात आणि वजा करून मोकळे होतात. उत्तर येतं ९६ रुपये ७६ पैसे. मूळ किंमत होती १००. चढवले अठरा टक्के, उतरवलेही अठराच, मग जवळजवळ सव्वातीन रुपये गेले कुठे? गेले कुठेच नाहीत. चढवताना टक्के शंभरावर मोजले होते, उतरवताना ते एकशे अठरांवर मोजले गेले, एवढंच. निम्म्यावर आलेला शेअर मूळ भावाला यायचा तर पन्नास नव्हे, शंभर टक्के चढावा लागतो. तेही याच कारणाने, आणि ते उमगेपर्यंत अनेकांचे हात पोळलेले असतात.

हा खड्डा आपल्याकडे फार पूर्वीच कुणीतरी दाखवून ठेवला आहे. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने उत्तरावरून मूळ संख्येकडे जाण्याचा नियम सांगितला: शेवटून सुरुवात करायची, गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) याचं नाव व्यस्तविधी. पण त्यांनी त्याला एक खास ताकीद जोडली आहे. एखादी संख्या स्वतःच्याच काही भागाने वाढवली असेल, तर उलट येताना तोच अपूर्णांक चालत नाही. छेदात अंश मिळवून नवा छेद करावा लागतो. तीन चतुर्थांशाने वाढवलेली संख्या पूर्ववत करायला तिचे तीन सप्तमांश काढायचे. जीएसटीचं गणितही अगदी हेच: अठरा शतांश चढवले, तर अठरा भागिले एकशे अठरा उतरवायचे.

मग उदाहरण येतं. एक संख्या तीनने गुणा, गुणाकाराचे तीन चतुर्थांश त्यात मिळवा, सातने भागा, जे येईल त्याचा तिसरा हिस्सा वजा करा, वर्ग करा, त्यातून ५२ काढा, वर्गमूळ घ्या, आठ मिळवा, दहाने भागा. उरतात दोन. सुलट वाचताना डोकं भणभणतं. उलट निघालं की सगळं घरंगळत येतं: २, २०, १२, १४४, १९६, १४, २१, १४७, ८४ आणि २८.

फक्त १९६ पाशी जरा थांबायला हवं. तिथे आपण वर्गमूळ काढतो आणि १४ म्हणून पुढे जातो. पण उणे १४ चा वर्गही १९६ च. ती वाट धरली तर शेवटी उणे २८ येतात, आणि ताळा करून पाहा, उणे २८ ही गणितातल्या सगळ्या अटी पुऱ्या करतात. धन संख्येला दोन वर्गमुळं असतात हे भास्कराचार्यांना पक्कं ठाऊक होतं. 'बीजगणिता'त ते तसं सांगतातही. 'लीलावती'त मात्र उत्तर एकच, २८, आणि शिकाऊ पोरासाठी ते पुरेसं होतं. पण माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म त्या १९६ मध्ये आहे. वर्ग करताना चिन्ह पुसलं गेलं. जाताना एकच रस्ता होता, येताना तिथे फाटा फुटला, आणि कुठून आलो ते ती संख्या पाहून सांगता येत नाही. दळलेल्या पिठाकडे पाहून गहू कोणत्या शेतातला हे सांगायचं, तशातली गत.

हल्ली व्यवस्थापनाच्या पुस्तकांत 'उलटा विचार करा' हा मंत्र फार चालतो. तो एकोणिसाव्या शतकातला जर्मन गणिती याकोबी याच्या नावावर सांगतात, आणि तो घरोघरी पोचवला अमेरिकन गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनी: यश कसं मिळेल हे विचारू नका, वाटोळं कसं होईल ते विचारा आणि तेवढं टाळा. सल्ला वाईट नाही. फक्त उलटं फिरलं की वाट आपोआप सापडते असा त्याचा सूर असतो, आणि तो मला पटत नाही.

याला साक्षीदार म्हणून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए याला उभं करावं. १७८१ मध्ये सापडलेला युरेनस गणिताने दिलेली वाट सोडून किंचित भरकटत होता. ग्रह ठाऊक असेल तर त्याची ओढ काढणं हे सरळ गणित. ल व्हेरिएने ते उलटं मांडलं: ओढ ही, तर ओढणारा कुठे? त्याने जागा कळवली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गालेने दुर्बीण लावली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून होता. कागदावरच्या आकडेमोडीने ग्रह हुडकला म्हणून युरोपभर डंका वाजला.

मग बुध. त्याची कक्षाही थोडी सरकत होती. आजच्या मोजणीने हिशेबाबाहेरचा फरक शतकाला ४३ विकलांचा. ल व्हेरिएने १८५९ मध्ये तीच युक्ती काढली: सूर्य आणि बुध यांच्या मध्ये एखादं अज्ञात वस्तुमान असलं पाहिजे. त्या कल्पित ग्रहाचं व्हल्कन असं बारसंही झालं, एका हौशी निरीक्षकाने तो पाहिल्याचं सांगितलं, आणि तो शोधण्यात लोकांनी दशकं घालवली. ग्रह नव्हताच. चूक गुरुत्वाकर्षणाच्या नियमात होती, आणि ती १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवली. माणूस तोच, रीत तीच, हुशारीही तीच. एकदा फाट्यावर योग्य वाट लागली, एकदा नाही.

ल व्हेरिएच्या हयातीतच, १८७४ मध्ये, इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जेव्हन्स याने या अडचणीवर नेमकं बोट ठेवलं. नियमावरून घटना काढणं सोपं, घटनांवरून नियम काढणं ही त्याची उलट क्रिया. आणि उलट क्रिया जवळजवळ नेहमीच अधिक अवघड असते, असं त्याचं म्हणणं. दाखला म्हणून त्याने एक संख्या दिली: ८,६१,६४,६०,७९९. कोणत्या दोन संख्यांचा हा गुणाकार, हे आपल्यावाचून कुणाला कधी कळेल असं वाटत नाही, असंही त्याने लिहून टाकलं. उत्तर आहे ८९,६८१ गुणिले ९६,०७९. आज साधा संगणक ते क्षणात देतो. गुणाकार मात्र जेव्हन्सच्या काळीही शाळकरी पोराने पाच मिनिटांत केला असता.

मग फाट्यावर करायचं काय? विज्ञानाने काढलेला एक तोडगा असा, की एकच खूण पाहून निकाल द्यायचा नाही, खुणा वाढवायच्या. क्ष-किरणाचं चित्र म्हणजे सावली. हाड, स्नायू, गाठ सगळं एकावर एक पडलेलं. तीच सावली निरनिराळ्या शरीरांची असू शकते. पण सगळ्या बाजूंनी सावल्या घेतल्या तर आतला पदार्थ परत मांडता येतो, हे ऑस्ट्रियन गणिती राडोन याने १९१७ मध्येच सिद्ध केलं होतं. वैद्यकाला त्याची गंधवार्ता नव्हती. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतल्या हाउन्सफील्ड यांनी असं चित्र काढणाऱ्या यंत्राचा प्रयोगशाळेतला पहिला नमुना लेथच्या बैठकीवर उभा केला. एका चित्राची मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागत, आणि २८,००० मोजमापांतून चित्र काढायला संगणकाला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं सीटी स्कॅन झालं, आणि १९७९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्रज्ञ कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळालं. आज गावोगावच्या सीटी सेंटरमध्ये मिनिटाभरात होणारं काम ते हेच: सावल्यांवरून शरीराकडे.

जेव्हन्सच्या गुणाकाराचं पुढे वेगळंच झालं. परतीची वाट अवघड, हे शतकभर गाऱ्हाणं होतं. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्याचंच कुलूप केलं. दोन प्रचंड अविभाज्य संख्या गुणायच्या आणि गुणाकार जगजाहीर करायचा. त्याचे मूळ अवयव ज्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे. त्या वर्षी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी १२९ अंकी संख्या छापली. फोडणाऱ्याला शंभर डॉलर. अंदाज दिला होता चाळीसवर पंधरा शून्यं इतक्या वर्षांचा. सतरा वर्षं पुरी व्हायच्या आत, एप्रिल १९९४ मध्ये, इंटरनेटवरून जमलेल्या सहाशेच्या आसपास स्वयंसेवकांनी ती फोडली. त्याच वर्षी पीटर शोर यांनी दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर हे काम झटक्यात होईल.

तसा संगणक अजून बनलेला नाही, तरी अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची मानकं जाहीर केली, अवयव पाडण्यावर न बेतलेली. पण जुन्या कुलपांचं असो की नव्यांचं, उलटी वाट मुळातच अवघड आहे हे गणिताने अजून सिद्ध झालेलं नाही. कुणाला ती सापडलेली नाही, एवढ्याच भरवशावर बँका आपले पैसे एकमेकींकडे पाठवतात.