तपासून घे

चि. सौ. ताईस,


चाकणला तुझ्याकडे राहिले तेव्हा सासूबाईंसमोर हा विषय काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून लिहिते. सोन्या सव्वादोन वर्षांचा झाला. बिस्किटाचा डबा हवा असला की तो तुझं मनगट धरतो आणि तुझा हात डब्यावर नेऊन ठेवतो. बोट दाखवत नाही, तुझ्या तोंडाकडेही बघत नाही. हे तुझ्याही मनात आहे, नाहीतर ओटा पुसता पुसता "मावशी, तुला काय वाटतं?" असं विचारलं नसतंस.

मला वाटतं, त्याला तपासून घे. त्याला काही झालंय असं मी म्हणत नाही, ते ठरवणारी मी कोण? पण अंगणवाडीत जन्म गेला, त्यातून एवढं कळतं की या वयाचं मूल "पाणी दे" असे दोन शब्द जोडतं, हाकेला वळतं, गंमत दिसली की बोटाने दाखवतं. हे दिसत नसेल तर थांबू नये. बोलत असलेले शब्द गेले असतील तर मुळीच थांबू नये.

"त्याचा बापही उशिराच बोलला," असं सासूबाई म्हणतात. खरं असेल. उशिरा बोलणारी कितीतरी मुलं पुढे आपोआप सुधारतात. पण आपलं मूल त्यातलं आहे का, हे घरी बसून कळत नाही गं. बापाच्या भरवशावर लेकराचं वर्ष घालवू नका. शेजारी हिंदी, घरात मराठी, म्हणून गोंधळतो असंही कुणी सांगेल. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं अडत नाही. मोबाईल जरूर कमी कर, पण "आधी महिनाभर तेवढं करून बघू" म्हणत तपासणी पुढे ढकलू नकोस.

पहिले कान बघायचे. कुकरच्या शिट्टीला धावतो म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही. मोठा आवाज कळतो आणि बोलण्यातला 'स'सारखा हलका आवाज निसटतो, असंही असतं. बेरा नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना करतात, दुखत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतं आणि गरज वाटली तर औंधच्या जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. पैसे पडत नाहीत. पथक येईपर्यंत थांबू नकोस, अंगणवाडीताईंना विचारून आधीच जा. पुण्यात रास्ता पेठेत केईएम रुग्णालयाचंही बालविकास केंद्र आहे.

शिक्का बसेल ही भीती मला कळते. पण तपासणी वेगळी आणि दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं. तुम्ही अर्ज केल्याशिवाय ते कुणी देत नाही. आणि बोलायला, खेळायला शिकवणारे उपचार आजाराचं नाव ठरायच्या आधीही सुरू होतात. माझा सगळा जीव त्यात अडकलाय, कारण या वयात मूल जे पटकन उचलतं, त्यासाठी पुढे फार कष्ट पडतात.

जावईबापूंची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यातली सकाळ धरा. ते सोबत हवेतच, डॉक्टरांचं बोलणं दोघांनी ऐकलेलं बरं. लसीकरणाचं कार्ड घे. त्याच्या खेळण्याचे, तुझा हात ओढण्याचे छोटे व्हिडिओ काढून ठेव, परक्या खोलीत मूल नेहमीसारखं वागत नाही. एका फेरीत सगळं उरकणार नाही, तेवढी तयारी ठेव.

दिवस ठरला की फोन कर. मी आदल्या रात्री येते, सासूबाईंशीही मीच बोलते.

तुझी,
मावशी