आश्रयाचे मोल

छळातून सुटलेल्या माणसाला आश्रय द्यावा, याविषयी दुमत नसावे. पण त्या आश्रयाच्या बदल्यात त्याच्याकडे काही मागावे काय?

२००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेच्या मिसिसिपी व टेक्सास राज्यांतील सिग्नल इंटरनॅशनल कंपनीच्या गोद्यांत सुमारे ५०० भारतीय वेल्डर व पाइपफिटर नेण्यात आले. कायमच्या वास्तव्याचे आमिष दाखवून दलालांनी प्रत्येकाकडून हजारो डॉलर उकळले होते. हाती पडला तो एकाच मालकाशी बांधलेला तात्पुरता व्हिसा. एकेका खोलीत चोवीसपर्यंत माणसे, आणि त्या कोंडवाड्याचे भाडेही पगारातून कापलेले! कर्ज काढून गेलेला माणूस परत तरी कोणत्या तोंडाने येणार? २००८ मध्ये अनेकांनी काम सोडले. २०१५ मध्ये ज्युरीने पाच जणांना १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई दिली.

अशांसाठी अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने 'टी' व्हिसा आहे. अट अशी, की पीडिताने तपासाला साह्य करावे. अठरा वर्षांखालील मुले व आघाताने खचलेले यांना तेवढी सूट. साक्षीवाचून दलाल मोकाट सुटतो, हे आम्ही जाणतो. परंतु साक्षीदार तिकडे आणि दलाल इकडे, त्याच्या आईच्या दाराशी! कुटुंबालाही व्हिसा मिळू शकतो, हे खरे. पण घर, शेत आणि कर्जाचा कागद गावातच राहतो.

इटलीच्या १९९८ च्या कायद्यातील कलम १८ नुसार फिर्याद न देणाऱ्या पीडितालाही राहण्याचा परवाना मिळू शकतो. आम्हांला हाच मार्ग न्याय्य वाटतो. धीर आला की माणूस आपणहून बोलू लागतो. धाकाने काढून घेतलेली साक्ष उलटतपासणीत किती टिकते, हे एखाद्या वकिलाला विचारून पाहावे.