दोन साक्षी आणि एक लेकरू

चेणे गावी उपासनेनंतर मुलांना खेळाच्या शिक्षणास पाठवावे की नाही, असा विषय निघाला. तेव्हा एका वडील बंधूंनी आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, लेकराने एखाद्या मान्यवर शिक्षकाविरुद्ध काही सांगितले, तर दोन साक्षींवाचून ते कसे मानावे? शास्त्राचा नियमच आहे ना?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

अनुवादाच्या १९ व्या अध्यायातील तो नियम दोष ठरविण्याविषयी आहे, कान बंद करण्याविषयी नव्हे. साक्षीदार एकटाच पुढे आला तरी न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, असे त्याच अध्यायात सांगितले आहे. निरपराध्याच्या रक्षणाकरिता दिलेला नियम अपराध्याचा आडोसा होऊ नये. लेकरावरील अत्याचार बहुधा एकांतात होतो. तेथे दुसरा साक्षी कोठून आणावा?

आणि साक्षी असला म्हणजे तरी आपण ऐकतो काय? हरियाणातील पंचकुला येथे १९९० साली टेनिस खेळणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीचा विनयभंग झाला. करणारा राज्य टेनिस संघटनेचा अध्यक्ष व वरिष्ठ पोलीस अधिकारी होता. मुलीची मैत्रीण साक्षीस होती. तरीही शाळेतून काढले गेले ते त्या मुलीलाच. १९९३ साली तिने प्राण दिला. अपराध्यास न्यायालयाने दोषी ठरविले ते २००९ साली. अडचण साक्षींची नव्हती, मोठ्या नावाची होती.

कोणी म्हणेल, खोट्या आरोपाने भल्या माणसाची अब्रू जाईल. भय रास्त आहे. पण कळविणे म्हणजे दोषी ठरविणे नव्हे. चौकशी पोलिसांनी करावी, निर्णय न्यायालयाने द्यावा. वडिलांनी खासगी पंचायत भरवून लेकराची उलटतपासणी घेऊ नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा अपराध कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य केले आहे. आमच्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूर येथे २०२४ साली एका शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचार उघडकीस आला, तेव्हा वेळेवर न कळविल्याबद्दल शाळाचालकांवरही गुन्हा नोंदला गेला.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, मुलांना खेळू द्या. खेळ हे देवाचे दान आहे. परंतु कोणताही शिक्षक मुलाला एकांतात नेत नाही ना, हे पाहा. बालकांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक मुलांना शिकवा. आणि लेकरू बोलू लागले, तर दुसरा साक्षी शोधण्याआधी त्याच्याजवळ बसा. प्रभूने लेकरांना जवळ बोलाविले, तेव्हा त्यांच्यापाशी साक्षीदार मागितले नव्हते.