हातमोजा कोणाचा?

आव्हान नाकारणारा तो भेकड, हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं: नोकरीच्या प्रशिक्षणात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, निवडणुकीच्या सभेत. वक्ता इंग्रजी वळणाचा असला, तर समोरच्यानं फेकलेला हातमोजा उचललाच पाहिजे, असंही बजावतो. या वाक्याचा मला राग येतो, आणि त्याला कारण आहे 1817 सालचा एक खटला.

मोज्याची मूळ गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सरदारानं चिलखती मोजा जमिनीवर टाकायचा. जो उचलील त्यानं लढायचं. इंग्लंडच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत राजाचा चॅम्पियन 1821 पर्यंत घोड्यावरून येऊन असा मोजा टाकत असे. तिथं तो निव्वळ विधी होता. न्यायालयात मात्र मोजा खरोखरच पडला.

बर्मिंगहॅमजवळच्या एर्डिंग्टनमध्ये मेरी अ‍ॅशफर्ड या 20 वर्षांच्या मुलीचं प्रेत पाणी भरलेल्या खड्ड्यात सापडलं. अब्राहम थॉर्नटनवर खुनाचा खटला झाला आणि ज्युरीनं त्याला सोडलं. मेरीचा भाऊ विल्यम यानं एका मध्ययुगीन तरतुदीच्या आधारे फिर्याद करून त्याला पुन्हा कोर्टात उभं केलं. थॉर्नटननं तितकीच जुनी तरतूद पुढे केली: मोजा खाली टाकून द्वंद्वानं निवाडा मागितला. थॉर्नटन धिप्पाड, विल्यम किरकोळ अंगाचा. 1818 मध्ये न्यायाधीशांनी निर्णय दिला की हा हक्क अजून कायद्यात शिल्लक आहे. विल्यम लढला नाही, थॉर्नटन सुटला.

या द्वंद्वाचा नियम ऐकण्यासारखा आहे. आरोपी हरला तर फाशी. आकाशात चांदण्या दिसेपर्यंत टिकला तर निर्दोष. फिर्यादीनं हार मानताना ‘क्रेव्हन’ हा शब्द उच्चारायचा. भेकड माणसाला इंग्रजी आजही त्याच शब्दानं हिणवते.

आव्हानाच्या इंग्रजी वाक्प्रचारांत मी एक भेद नेहमी करतो: जमिनीवर जे पडलं आहे ते कोणाचं? मोजा समोरच्याचा, म्हणून शर्तीही त्याच्याच. मुष्टियुद्धाच्या रिंगणात टोपी टाकणारा स्वतःची वस्तू टाकतो. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्टनं अध्यक्षपदाची उमेदवारी याच शब्दांत जाहीर केली. आपला विडा या दोन्हींहून निराळा: बखरींतला अफझलखान विडा उचलतो तो दरबारानं मांडलेला, शत्रूनं फेकलेला नव्हे. आणि रिंगणाच्या मधोमध ओढलेली रेघ, जिच्यापाशी खाली पडलेल्यानं उठून परत यायचं, ती कोणाचीच नाही. म्हणून रेघेचं आव्हान मला सर्वांत न्याय्य वाटत आलं.

पण रेघेचा इतिहासही पाहायला हवा. पूर्वी बेशुद्धीच्या काठावर असलेल्या मुष्टियोद्ध्याला त्याचे साथीदार धरून रेघेपर्यंत आणत आणि मार पुढे चालू राही. 1838 मध्ये एक मुष्टियोद्धा लढतीतल्या जखमांनी मेला. त्याच वर्षीच्या नव्या नियमांनी ठरवलं की 30 सेकंदांच्या विश्रांतीनंतर 8 सेकंदांत खाली पडलेल्यानं कुणाच्या आधाराशिवाय रेघेपर्यंत चालत यावं. न जमल्यास लढत संपली. म्हणजे रेघ न्याय्य झाली, तीही एका माणसाचा जीव गेल्यावर.

आव्हानातून मोठी कामं होतात, हे त्या वक्त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ते सगळी तपासणी उचलणाऱ्याच्या छातीची करतात, नियमाची कधीच करत नाहीत. विल्यमनं मोजा उचलला असता, तर धिप्पाड असणं म्हणजे निर्दोष असणं, हे त्यानं आपल्या अंगानं मान्य केलं असतं. त्याच्या नकारानं त्या नियमाचा निरर्थकपणा उघडा पडला, आणि 1819 मध्ये पार्लमेंटनं ती फिर्याद आणि ते द्वंद्व दोन्ही रद्द केलं. मेरीला न्याय मिळाला नाही, हे दुःख उरतंच. म्हणूनच वाटतं, नकार देणाऱ्याला भेकड म्हणण्याआधी त्याच्यासमोरच्या शर्ती वाचायची जबाबदारी बघ्यांची आहे. शर्ती अन्यायाच्या असतील, तर त्या बदलून घेण्याचं आव्हान त्या एकट्याचं नसतं. ते आपल्या सर्वांचं असतं.