चालत जाण्याजोगं गाव

बसवनगुडीत राहायला आल्यावर पहिले काही महिने मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत असे: इथे मला वाहन लागत नाही. गांधी बाजारातली भाजी आणि फुलं, अंकित पुस्तकचं दुकान, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चरमधली व्याख्यानं, संध्याकाळी टेकायला ब्यूगल रॉक, आणि १९४३ पासून चालू असलेल्या विद्यार्थी भवनातला डोसा, सगळं पायी दहा-पंधरा मिनिटांवर. २०११ च्या जनगणनेतच बंगळुरूची लोकसंख्या ८४ लाखांवर गेली होती. त्या अफाट शहराच्या पोटात मला पुण्याच्या पेठांएवढं एक गाव सापडलं होतं, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

या गावाची ओढ नेमकी कशाची, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. वेळ वाचतो, हे खरं कारण नव्हे. वाचलेला वेळ मी रस्त्यात कुणाशी तरी बोलण्यातच घालवतो. चालणाऱ्या माणसाला टाळता येत नाही, हे खरं कारण असावं. ज्याचं पुस्तक परत करायचं राहिलंय तो समोरून येतो. ज्याच्या लेखावर आपण जरा कडक बोललो, तो शेजारच्या टेबलावर कॉफी पीत असतो. गविपुरमच्या घरातून छत्री घेऊन बसवनगुडी क्लबकडे निघालेले मास्ती वेंकटेश अय्यंगार, हे इथल्या जुन्या माणसांच्या आठवणीतलं ठरलेलं चित्र. १९८३ चं ज्ञानपीठ मिळवणारा लेखक रोज त्याच रस्त्याने जाणार आणि वाटेत कुणीही त्याला थांबवू शकणार. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याला आपल्या शब्दांची जबाबदारी घ्यावी लागते. लहान गावात लिहिणं-वाजवणं-नाटक करणं रुजतं ते मला वाटतं यामुळे: तिथे ऐकणारा माणूस अनोळखी राहत नाही.

हे सगळं मी एकदा आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना सांगितलं. मी त्यांना अक्का म्हणतो. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी म्हणालो, "अक्का, इथलं बरंय बघा. सगळं चालत."

पोळी उलटता उलटता त्या म्हणाल्या, "हो सार. पूर्वी मीही चालतच यायचे."

त्या गुट्टहळ्ळीत वाढल्या, म्हणजे माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. लग्नानंतरही तिथेच होत्या. मग भाडं वाढलं, नंतर पुन्हा वाढलं, आणि घर कनकपुरा रस्त्याला दूर गेलं. आता त्या दोन बस बदलून येतात. मेट्रो आहे, पण तिचं तिकीट पडतं. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, म्हणून बस. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पण त्या वाढलेल्या भाड्यात माझ्यासारखे भाडेकरू होते, हे मला तिथेच कळलं. मला ज्या गावाने खेचून आणलं, त्याच गावाने मला जागा करून देताना त्यांना बाहेर काढलं होतं.

तेव्हापासून मी या रस्त्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची वसाहत. १८९८ च्या प्लेगने जुन्या पेठेतल्या माणसांना मोकळ्या हवेत पांगवलं आणि या वसाहतींना वेग आला. त्याच साथीनंतर, १८९८ मध्येच, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंगा आखले गेले. सरळ रस्ते, झाडं, बागा, देवळं, बाजार: चालण्याचं सुख इथे आराखड्यातच होतं. पण भूखंड जातीजमातींप्रमाणे वाटलेले होते. आणि घरांच्या मागच्या बाजूला अरुंद बोळ ठेवलेले होते. मुंबईकर ज्याला घरगल्ली म्हणतात, तसे. मैला वाहून नेणाऱ्या माणसांनी मागून यावं आणि मागूनच जावं, पुढच्या रस्त्यावर दिसू नये, म्हणून. काही बोळ अजून आहेत.

म्हणजे चालत जाण्याजोगी गावं इथे पहिल्यापासून दोन होती. पुढच्या रस्त्यावर माणसं एकमेकांना टाळू शकत नव्हती. मागच्या बोळात टाळण्याचीच सोय केलेली होती. इथे सफाई कामगारांना पौरकार्मिक म्हणतात. त्यातल्या बहुतेक दलित स्त्रिया. मी फिरायला निघतो तेव्हा रस्ता झाडून झालेला असतो. २०२२ च्या जुलैमध्ये कायम नोकरीसाठी त्यांनी काम थांबवलं, तेव्हा त्या पुढच्या रस्त्यावरच्या लोकांना दिसल्या.

मग अशा गावाची आवड धरणं चूक का? मी सोडून गेलो तर माझ्या जागी अधिक भाडं देणारा येईल, अक्का नव्हे. "बाहेरचे आले आणि गाव बिघडलं" असं म्हणणारे इथे आहेत, पण तो बाहेरचा मीच आहे. शिवाय लहानपण टिकवायचं म्हणून दार लावून घेणं, हे मागच्या बोळाचंच नवं रूप. गांधी बाजाराचा मुख्य रस्ता पादचाऱ्यांसाठी नव्याने बांधायला काढला, तेव्हा काम चालू असताना फूल-भाजी विकणाऱ्यांना हलावं लागलं. ज्यांच्यामुळे त्या रस्त्यावर चालावंसं वाटतं, त्यांनाच आधी उठावं लागलं.

बुल टेंपल रोडवर गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ मध्ये आपल्या नामदार गोखल्यांच्या नावाने उभारली. १९७० साली सत्कारात मिळालेली थैलीही त्यांनी याच संस्थेला देऊन टाकली. मराठी माणूस म्हणून ही पाटी वाचून मला बरं वाटतं, पण ती पाटी मला एक प्रश्नही विचारते. सार्वजनिक आयुष्याला खाजगी आयुष्याइतकीच नीती हवी, हा गोखल्यांचा आग्रह. माझं चालणं मात्र मी आजवर खाजगी सुख म्हणूनच धरलं होतं. ते सार्वजनिक आहे असं मानलं, तर त्याची कसोटी बदलते. मला कुठे कुठे चालत जाता येतं, हे मोजून भागत नाही. इथे काम करणारं कोण संध्याकाळी चालत घरी जाऊ शकतं, हे मोजावं लागतं. त्या मापाने माझं गाव फार लहान भरतं, आणि या लहानपणात गोड काही नाही.

मी काय केलं, तर फार थोडं. अक्कांना विचारलं, किती वाजता आलेलं बरं पडेल. त्या म्हणाल्या, "दहाला. तेव्हा बसमध्ये बसायला मिळतं." आता सकाळची कॉफी मी करतो, आणि येण्याजाण्याचा वेळही पगारात धरतो. याने त्यांचं घर गुट्टहळ्ळीत परत येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथल्या नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. खेड्यापाड्यांतून शेतकरी पोती घेऊन येतात, रस्त्यावरच मुक्काम करतात. त्या दिवशी अक्का सुट्टी घेतात आणि बसने नातवंडांना घेऊन येतात. गेल्या वर्षी गर्दीत त्या समोरून आल्या. पुढच्या रस्त्यावर, चालत. टाळता येण्याजोगी जागाच नव्हती. त्यांनी नातवाला माझी ओळख करून दिली आणि माझ्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या. मग त्याला म्हणाल्या, "आमचं घर इथंच होतं."