झाड कोणाचे?

घर माझे, शेत माझे, असे आपण सगळेच म्हणतो. पण ज्याला माझे म्हणतो ते आपल्या आधी होते आणि आपल्यामागेही राहणार, हे सहसा कोणी मनात आणीत नाही.

जपानात हिरोशिमा येथे मासारु यामाकी नावाचे गृहस्थ बोन्साय जोपासीत. बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत लहान ठेवलेले झाड. त्याची मुळे छाटावी लागतात, माती बदलावी लागते, पाण्याला खळ चालत नाही. एक पिढी थकली की दुसरीने हात लावायचा. यामाकींकडच्या एका श्वेत पाइनची जोपासना १६२५ सालापासूनची. इकडे देहूस तुकोबाराय नांदत होते, तेव्हापासूनची!

६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने हिरोशिमावर अणुबाँब टाकला. यामाकींचे घर तेथून सुमारे तीन किलोमीटरांवर. काचा उडून घरच्यांना लागल्या. पण माणसे वाचली आणि भिंतीआडचे झाडही वाचले.

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली. त्यानिमित्त जपानकडून ५३ बोन्साय आणि डोंगरकड्यांसारखे दिसणारे ६ नैसर्गिक दगड वॉशिंग्टनला भेट गेले. यामाकींनी त्यात हेच झाड दिले. तेथे ते सांभाळणाऱ्यांना त्याची हकीकत कळली २००१ साली, यामाकींचे दोन नातू झाड पाहायला गेले तेव्हा!

आता कोणी म्हणेल, ज्याने गावाची राख केली त्यालाच घरातले रत्न द्यायचे? ही क्षमा की दुबळेपणा? बाबांनो, दुबळा भीतीपोटी देतो, नाहीतर मोबदल्यासाठी देतो. येथे दोन्ही दिसत नाही. देताना ‘तुम्ही आमचे काय केले ते आठवा’ एवढे म्हटले असते, तरी दानाचे तगाद्याचे पत्र झाले असते.

क्षमा म्हणजे विसरणे, असेही नव्हे. घरच्यांना सारे आठवत होते, म्हणून तर नातू तिथवर गेले. आठवण ठेवावी, पण तिचा हिशेब दुसऱ्याच्या दारात मांडू नये, याचे नाव क्षमा.

आणि झाड तरी यामाकींचे कसे? कितीतरी हातांनी त्याला पाणी घातले, आज परदेशचे हात घालतात. ज्याच्या हाती पाणी, त्याची त्या दिवसापुरती सेवा. मालकी कोणाचीच नाही. आपण मात्र बांधावरच्या वीतभर मातीसाठी सख्ख्या भावाशी बोलणे टाकतो. ती माती आपल्या आजोबांच्याही आधीची आहे, एवढे ध्यानात आले तरी पुष्कळ.