खालच्या अंगाला कोण आहे?

समुद्र आम्हां वसईकरांच्या अंगणातला. त्यामुळे किनारा पाहण्यासाठी घर सोडून दूर जावे, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. एका नाताळच्या सुटीत मात्र आम्ही काही कुटुंबे वर्धा जिल्ह्यात एका परिचिताच्या शेतावर तंबू ठोकून राहिलो. पऱ्हाटीवर कापूस फुटला होता, तूर उभी होती आणि पहाटेची थंडी आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना चांगलीच झोंबत होती. एके दिवशी धाम नदीच्या काठाकाठाने पवनारपर्यंत जायचे ठरले.

धाम ही काही मोठी नदी नव्हे. पण पवनारजवळ तिच्या पात्रात काळे खडक वर आले आहेत आणि त्यांना वळसे घालत जाणारे पाणी तासन् तास पाहत बसावे असे आहे. काठावरच्या टेकाडावर विनोबांचा आश्रम आहे. १९३८ साली ते येथे राहावयास आले आणि १९५९ साली येथेच त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग याच पात्रात विसर्जित झाला. हे सारे आम्ही मुलांना मोठ्या भक्तिभावाने सांगितले.

पवनारच्या बऱ्याच अलीकडे एका वळणावर आम्ही न्याहारीला थांबलो होतो. न्याहारी आटोपल्यावर पातेली साबणाच्या भुकटीने घासून नदीतच खळबळली. पांढरा फेस खडकांना वळसे घालत निघाला. मुलांना त्याची गंमतच वाटली. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक वयस्क गुराखी आला. क्षणभर त्याने पाहिले आणि म्हणाला, “दादा, खाली ढोरं पाणी पेतेत ना जी.” एवढेच बोलून तो आपल्या गुरांमागे चालता झाला.

त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य आम्हांला लागले. दर रविवारी आमच्या किनाऱ्यावर सहलीचे लोंढे येतात. वाळूत बाटल्या आणि पत्रावळी पडून राहतात. त्या मंडळींना आम्ही काय काय बोलतो, हे आमचे आम्हांला ठाऊक आहे. ज्या वसईने आपल्या विहिरींच्या पाण्यासाठी हरित वसईची चळवळ उभारली, त्या वसईची आम्ही माणसे दुसऱ्याच्या नदीत फेस सोडून मोकळी झालो होतो. आमच्या किनाऱ्यावर जो ‘रविवारचा माणूस’ आम्हांला खुपतो, तो येथे आमच्याच रूपाने अवतरला होता.

मग प्रश्न उभा राहतो : सृष्टीच्या सौंदर्यावर अधिकार कोणाचा? ते सर्वांचे आहे, हे उत्तर सोपे आहे आणि खरेही आहे. नदी काठच्या गावाच्या मालकीची नाही, तसा समुद्रही वसईच्या मालकीचा नाही. किनाऱ्याला कुंपण घातले, तर उरेल ती केवळ पैसेवाल्यांची करमणूक. परंतु ‘सर्वांचे’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा आपणच असतो. पाहणाऱ्याला जे दृश्य असते, ते तेथे राहणाऱ्याचे पाणी असते, चारा असतो, उद्याचा दिवस असतो.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम उभे करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांचे स्मरण येथे होते. तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात त्यांनी निसर्गातील उदाहरणे देऊन अर्थव्यवस्थेचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाघ भक्ष्याचा जीवच घेतो. माकड दुसऱ्याने वाढविलेल्या बागेतील फळे ओरबाडते. पक्षी स्वतःचे घरटे बांधतो. मधमाशी साऱ्या पोळ्यासाठी राबते. आणि पक्षीण परतफेडीची अपेक्षा न धरता पिलांना भरविते. प्रवासी यांपैकी कोण? आम्ही वाघ खचितच नव्हतो. पण त्या सकाळी माकडाहून फारसे वेगळेही नव्हतो.

अतिथी देव असतो, हे आपण यजमानाला सांगतो. अतिथीचा धर्म कोणता, हे मात्र क्वचितच विचारतो. मधमाशी फुलातला मध नेते, पण नेता नेता फुलाचेही काम करून जाते. एका दिवसाच्या पाहुण्याला असे काही देता येईल काय? त्या दिवसानंतर भांडी आम्ही नदीपासून दूर, शेतावर घासली आणि आमचा कचरा आमच्याबरोबर परत नेला. परंतु आपली घाण आपण उचलणे हे देणे नव्हे. ती केवळ चुकीची दुरुस्ती.

देण्याजोगे काही असेल तर ते परतल्यावरच द्यावे लागेल. तो गुराखी ‘नदी आमची आहे’ असे म्हणाला नाही. ‘निघून जा’ असेही म्हणाला नाही. आम्हांला न दिसणारा खालच्या अंगाचा जीव त्याने फक्त दाखवून दिला. मालकी न सांगता आणि माणसाला न दुखविता सत्य सांगता येते, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो. आता आमच्या वाळूत रविवारचा पाहुणा कचरा टाकील, तेव्हा त्याच्याशी त्या स्वरात बोलणे आम्हांला जमेल काय? धाम नदीचे ऋण आम्ही फेडले की नाही, हे तेथेच ठरेल.